राखेवरचे पाय

“उंची किती?” हा प्रश्न ज्यानं मला विचारला नाही असा माणूस परळीत शोधून सापडायचा नाही. रिक्षावाले विचारतात, बँकेतला शिपाई विचारतो. दवाखान्यात गेलं तर कंपाउंडर आधी उंची विचारतो आणि मग काय दुखतंय ते. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या मामानं मागं वळून विचारली होती, अक्षता मुठीत तशाच धरून. सहा फूट आठ इंच. एकदाचं सांगून टाकलं, म्हणजे तुमचाही जीव भांड्यात पडेल. आमच्या घरात साडेपाचाच्या वर कुणी गेलेलं नाही, त्यामुळे हे पोरगं कुणाच्या वळणावर गेलं याचा शोध अजून चालू आहे. वडलांचं वैजनाथाच्या वाटेवर भस्म, बेल, रुद्राक्षाचं छोटं दुकान. त्या दुकानाच्या चौकटीवर माझं कपाळ इतक्या वेळा आदळलंय की तिथला रंग उडालाय.

एकाच माणसानं मला तीन वर्षांत एकदाही उंची विचारली नाही. आमचे भूगोलाचे सर. विचारणार कशी? त्यांनी मला गुडघ्याच्या वर कधी बघितलंच नव्हतं.

थट्टा नाही करत. कॉलेजात खेळाच्या सरांची जागा कितीतरी वर्षं रिकामी होती. प्राचार्यांनी बास्केटबॉलचा चार्ज भूगोलाच्या सरांच्या गळ्यात घातला, कारण त्या दिवशीच्या मीटिंगला नेमके तेच रजेवर होते. सरांनी जन्मात बास्केटबॉल हातात धरला नव्हता आणि पुढंही कधी धरला नाही. पहिल्या दिवशी ग्राउंडवर आले ते काळी छत्री घेऊन. महिना डिसेंबरचा. कडेला वर्तमानपत्र अंथरून मांडी घालून बसले, छत्री उघडली आणि अशी तिरपी पुढं धरली की तिच्या खालून फक्त आमचे पाय दिसावेत. आम्हाला वाटलं, उन्हासाठी असेल. ऊन तर त्यांच्या पाठीमागं होतं.

तीन वर्षं हा माणूस असाच बसला. बाहेरच्या टीम यायच्या, छत्री बघून फिदीफिदी हसायच्या आणि आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी मुळात तापट. एकदा उंच उडी मारून बॉल रिंगमध्ये अक्षरशः कोंबला, सगळं ग्राउंड ओरडलं, पण सरांची छत्री हलली नाही. मी तरातरा गेलो आणि विचारलं, सर, तुम्ही बघता तरी काय? छत्रीखालून आवाज आला.

“वरचं समदं नाटक असतंय बे. हात हलवतेत, तोंडं वाकडी करतेत. पायाला नाटक करता येत न्हाई.”

आता राखेचं सांगतो. आमचं ग्राउंड थर्मलच्या, म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्राच्या बाजूला. सकाळी जावं तर सिमेंटच्या कोर्टावर चाळणीनं चाळल्यासारखा राखेचा पातळ थर बसलेला असायचा. शिपाईमामा रोज झाडून काढायचे. सरांनी पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातातला खराटा काढून घेतला आणि भूगोलाच्या कपाटात, पृथ्वीच्या गोलाशेजारी, कुलपात ठेवला. राख झाडायची नाही, तिच्यावरच खेळायचं. आम्ही घसरलो, आपटलो, गुडघे फोडून घेतले. आमच्या आया सरांच्या नावानं बोटं मोडायच्या. खेळ संपला की कोर्टावरून चालत जायची कुणाला मुभा नव्हती, कडेकडेनं बाहेर पडायचं. मग सर छत्री मिटायचे, कमरेत वाकायचे आणि राखेवर उठलेले पाय वाचत सगळं कोर्ट फिरायचे. कुणाची टाच आधी टेकली, वळताना कुणाचा पाय फरफटला, कुठं दोन पावलांच्या जागी तीन पडली. वहीत त्याची चित्रं काढायचे, नकाशात नदीचं वळण काढावं तशी, पेन्सिलीनं, बाण दाखवून.

आम्हाला ते ओळखायचेही तसेच. मोंढ्यातल्या बाजारात एकदा समोरून आले, मी नमस्कार केला, तर तसेच पुढं चालले. सर, मी आहे, म्हणालो, तेव्हा खाली माझ्या चपलांकडं बघितलं, डावा अंगठा न्याहाळला आणि म्हणाले, “हां, तू व्हय.” परळीतला सगळ्यात उंच माणूस मी, आणि या गृहस्थाला मी अंगठ्यावरून कळतो. इतका राग आला की दोन दिवस प्रॅक्टिसला गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी सरांनी वहीतली माझ्या नावाची दोन कोरी पानं तेवढी उघडून दाखवली.

त्यांचं दुसरं खूळ म्हणजे ‘कावून’, म्हणजे आपलं ‘का’. बॉल हुकला की का हुकला, हे कुठलाही सर विचारतो. आमचे सर बॉल आत गेला की विचारायचे, “कावून गेला?” पोरं म्हणायची, नेम लागला सर. नेम कावून लागला? नशीब सर. मग ते बास्केट सरांच्या वहीत धरलंच जायचं नाही. एकदा आम्ही अंबाजोगाईच्या टीमला धू धू धुतलं आणि नाचत सरांकडं गेलो, तर त्यांच्या वहीप्रमाणं आम्ही हरलो होतो. आमच्यातल्या एकाला तर रडूच फुटलं. मी मात्र हळूहळू सांगायला शिकलो. भांडून भांडून शिकलो, कारण मला हरायला आवडत नाही, वहीतसुद्धा नाही. उजवा पाय हलला नाही म्हणून गेला सर. त्याचं वजन टाचेवर होतं म्हणून गेला सर. मग छत्रीखालून पेन्सिलीची खरखर ऐकू यायची. कौतुक म्हणजे तेवढंच.

त्यातूनच माझा ‘घसरा’ तयार झाला. आपण रिंगकडं पाठ करून उभे, बॉल हातात, मागून रेटणारा गडी. नियम असा, की एक पाय जागचा हलवायचा नाही. तो हलला की स्टेप झाली, शिट्टी वाजली, बॉल गेला. दुसरा पाय मोकळा. पण राखेवर तो उचलून टाकला की घसरून तोंडावर आपटायचं, म्हणून सर सारखे ओरडायचे, पाय उचलू नको, सरकव. मी तो न उचलता मागच्या गड्याच्या पलीकडं सरकवायचो, अंग आपोआप फिरायचं आणि डाव्या हातानं बॉल अलगद आत. कॉलेजच्या सामन्यांत या घसऱ्याला कुणाकडं उत्तर नव्हतं.

विद्यापीठाच्या स्पर्धेत, तसल्याच धुळीच्या सिमेंट कोर्टावर, बंगळुरूच्या एका व्यावसायिक टीमचा माणूस मला बघायला आला. पगारावर खेळणारी, टीव्हीवर दिसणारी टीम. मी त्या दिवशी जीव तोडून खेळलो. सामना संपल्यावर त्यानं लॅपटॉप मिटला आणि आमच्या कॅप्टनला सांगितलं, की पोरगा कॉलेजापुरता ठीक आहे. इथं सगळे ह्याच्या खांद्याला येतात, तिकडं सगळे ह्याच्याएवढेच. तिकडं हे चालायचं नाही. मी खांबाआड उभा राहून ऐकत होतो, म्हणजे निम्मा आड आणि निम्मा बाहेर.

तेवढ्यात सर आले. एका काखेत छत्री, दुसऱ्या काखेत तीन वर्षांच्या वह्या. त्या माणसाला त्यांनी पायरीवर बसवलं आणि पहिली वही त्याच्या मांडीवर उघडली. तो निघायच्या घाईत होता, गाडीची वेळ सांगत होता. दुसरी वही उघडल्यावर त्यानं घड्याळाकडं बघायचं सोडलं. सर आपल्या मराठवाडी हिंदीत बोलत होते आणि त्यातलं एक वाक्य माझ्या काळजावर कोरलं गेलंय.

“हाइट तो तुमारे पास भोत है साब. ऐसे पाव नहीं है.”

महिन्याभरात बोलावणं आलं. बारा दिवसांचं शिबिर. रिंगखाली खेळणारे सात उंच गडी आणि जागा दोन.

परळीत पानटपरीवर लगेच दोन तट पडले. एक तट म्हणायचा, पोरगं टीव्हीवर दिसणार. दुसरा म्हणायचा, बुटक्यांत मोठा झालेला हाय, तिकडच्या ताडांत कोण विचारतंय त्याला. दुसरा तट मोठा होता. वडील कुठल्याच तटात नव्हते. ते म्हणाले, बघून ये, पण नाही झालं तर चेंडू तिकडंच ठेव आणि दुकानात बस. नुसतं म्हणून थांबले नाहीत, तर गवंड्याला बोलावून दुकानाची चौकट वीतभर वर घ्यायचं माप घेतलं. मी निघालो त्या दिवशी भिंतीवर पेन्सिलीची आडवी खूण होती, माझ्या डोक्याच्या चार बोटं वर. नापास झालो तर जन्मभर त्या खुणेखालून आत-बाहेर करायचं होतं.

स्टेशनावर आईनं भस्माची पुडी दिली, वर्तमानपत्रात बांधलेली. म्हणाली, पहिल्या दिवशी सगळ्यांना लाव, कोचला आधी. सरांनीही एक पुडी दिली, तीही वर्तमानपत्रातच. अडलं तर उघड, एवढंच बोलले. मी दोन्ही पुड्या एकाच कप्प्यात कोंबल्या आणि पाय पोटाशी घेऊन बंगळुरूच्या गाडीत बसलो.

तिथलं कोर्ट लाकडी, आरशासारखं. त्यावर धुळीचा कण नाही. पहिल्या दिवशी मी आईचं ऐकलं. घाईत हाताला लागली ती पुडी उघडली आणि वैजनाथाचा प्रसाद म्हणून कोचच्या कपाळाला लावला. कोच केरळचे, कडक, कधी न हसणारे, पण त्यांनी हात जोडून लावून घेतला. माझ्या खोलीतला पंजाबचा गडी इतका भाविक, की उरलेली पुडी त्यानं मागून घेतली आणि उशीखाली ठेवली.

मग माझी फजिती सुरू झाली. राखेवर लोण्यासारखा सरकणारा माझा पाय लाकडावर नव्या बुटासकट चिकटून बसायला लागला. मोकळा पाय वाटेतच अडायचा, अंग पुढं जायचं आणि जो हलवायचा नाही तो पाय फरफटत मागं यायचा. शिट्टी. पुन्हा बॉल, पुन्हा शिट्टी. पाच दिवस मी शिट्ट्या खाल्ल्या. रिंगजवळ जायचीच भीती बसली. सहाव्या दिवशी कोचनी मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि हिंदीत म्हणाले, कॉलेजमध्ये तू चांगला होतास. त्या ‘होतास’नं मी पार खचलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी जाणाऱ्या चौघांची नावं लागणार होती. भिंतीवरची ती पेन्सिलीची खूण माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

दुपारी कॅन्टीनमधून सरांना फोन लावला. घसरा मारला की शिट्टी वाजते, म्हणून सांगितलं.

“कावून?”

माझं डोकं सणकलं. “कावून कावून काय करायलाव सर? तुमचा घसरा हितं चालंना. तुमची राख हितं न्हाई. तुमच्या नादी लागून माझं वाटोळं झालं.”

आजूबाजूचे लोक ताटातून वर बघायला लागले. सरांना असं कधी कुणी बोललं नव्हतं. मग अगदी शांत आवाज आला.

“पुडी उघडली का?”

खोलीवर पळत गेलो, कप्प्यातली पुडी काढली आणि उघडली. पांढरंशुभ्र, कापराचा वास. हे तर आमच्या दुकानातलं भस्म. मग पहिल्या दिवशी मी कोचच्या कपाळाला काय लावलं? हात जोडून घेतलेला तो प्रसाद म्हणजे थर्मलची राख होती, आमच्या कोर्टावरून गोळा केलेली. आणि पंजाबचा गडी रोज सकाळी तीच कपाळाला लावून माझ्यापेक्षा दसपट बरा खेळत होता. त्याला खरं सांगायची माझी छाती झाली नाही. नवी पुडी जास्त पावरफुल आहे, असं हिंदीत गळी उतरवलं आणि जुनी परत घेतली. वैजनाथ मला माफ करील. एवढ्या खोट्यापायीच त्या भाविकाला अस्सल भस्म मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी हॉलवर गेलो. बुटांच्या तळव्यांना राख चोळली, रिंगकडं पाठ केली आणि घसरा मारला. मग बाजूला झालो आणि सरांसारखा कमरेत वाकलो. लाकडावर राखाडी पाय उठले होते. उजवा, जो हलवायचा नाही, त्याला बोटभर शेपूट. डावा निम्म्यात अडकलेला. पुन्हा मारला, पुन्हा शेपूट. पुन्हा राख, पुन्हा वाकणं. कितीतरी वेळानं डोक्यात उजेड पडला. सरांनी हजार वेळा ओरडून सांगितलेलं ‘पाय उचलू नको’ राखेवर खरं होतं, लाकडावर नव्हतं. मी जीव मुठीत धरून डावा पाय उचलला, नसलेल्या गड्याच्या पलीकडं टाकला आणि उजव्याच्या चवड्यावर फिरलो. वाकून बघितलं. उजवा पाय एकाच जागी, बांगडीसारखा गोल उठलेला. शेपूट नाही. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं.

मान वर केली तर दारात कोच. त्यांच्या आरशासारख्या कोर्टावर राखेचे शंभर पाय. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. इंग्रजीत एकच शब्द बोलले.

“व्हाय?”

या प्रश्नाची माझ्याएवढी तयारी कुणाची असणार? तीन वर्षं मी दुसरं काय करत होतो? मोडक्या हिंदीत, टाच, चवडा, अंगठा दाखवत मी सगळं सांगितलं. शिट्टी कावून वाजत होती आणि आता कावून वाजणार नाही. कोच आधी उकिडवे बसले, मग गुडघ्यांवर आले, मग त्यांनी त्या बांगडीवरून बोट फिरवून बघितलं. आम्ही दोघं कितीतरी वेळ ओणवे होतो. उठताना ते म्हणाले, सगळं कोर्ट पुसून काढ, आणि दुपारच्या सामन्यात बॉल तुझ्याकडं येईल. मी ते कोर्ट देवघर पुसावं तसं पुसलं.

दुपारी पहिला बॉल माझ्याच हातात आला. मागं पंजाबचा गडी, कपाळाला अस्सल भस्म, मला रेटतोय. डावा उचलला, टाकला, फिरलो. पंचाचे गाल शिट्टीसाठी फुगले होते, ते तसेच फुगलेले राहिले. शिट्टी वाजलीच नाही. मग मी थांबलो नाही. डावीकडून, उजवीकडून, दोघांच्या मधून. कॉलेजचं पोरगं म्हणणारे आता एकमेकांना विचारत होते, ह्याला धरायचं कुठून. संध्याकाळी चौघांच्या यादीत माझं नाव नव्हतं. बाराव्या दिवशी दोघांच्या यादीत होतं, आणि माझ्या खाली पंजाबच्या गड्याचं. आम्ही लहान पोरांसारखे एकमेकांच्या गळ्यात पडलो.

सरांना फोन करून सांगितलं, सर, निवड झाली, पण इथं पाय उचलावा लागतोय.

“मग उचल की. उचलू नको असं मी कवा म्हणलो?”

हजार वेळा म्हणाले होते, वह्यांमध्ये लिहून ठेवलंय. पण मला हसू आवरत नव्हतं. वडील फोनवर नुसतं ‘बरं’ म्हणाले. नंतर आईकडून कळलं, की फोन ठेवल्या ठेवल्या ते स्टुलावर चढले आणि भिंतीवरची खूण त्यांनी ओल्या फडक्यानं स्वतः पुसून काढली. चौकट अजून तेवढीच आहे. घरी गेलो की मी आजही तिच्यावर आपटतो, आणि मला बरं वाटतं.

लीगच्या पहिल्या सामन्याला सर परळीहून आले. छत्री घेऊनच. दारावरच्या गार्डनं ती काढून घेतली, कारण आत छत्री न्यायला बंदी. सरांनी त्याच्याशी पुष्कळ हुज्जत घातली म्हणे. आत बसल्यावर त्यांनी वर्तमानपत्र आडवं धरून बघितलं, तर मागचे लोक ओरडायला लागले. शेवटी पेपर खाली ठेवावा लागला. अशा रीतीनं आमच्या बास्केटबॉलच्या सरांनी आयुष्यात पहिल्यांदा बास्केटबॉलचा अख्खा सामना पाहिला.

आणि काय सामना झाला! शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणानं मागं होतो, बॉल माझ्याकडं आला, पाठीवर माझ्याहून दोन इंच उंच गडी. डावा उचलला, टाकला, फिरलो. बॉल जाळीतून पडला आणि हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. त्यात परळीहून गाडी करून आलेला पानटपरीवरचा दुसरा तटही होता, अख्खाच्या अख्खा, आम्ही आधीच सांगितलं होतं असं सगळ्यांना ओरडून सांगत.

गर्दी पांगल्यावर सर कोर्टावर आले. आधी नेहमीप्रमाणं माझ्या पायांकडं बघितलं. मग त्यांची नजर हळूहळू वर यायला लागली. गुडघा, कंबर, छाती. मान मागं गेली, आणखी मागं गेली, आणि चष्मा हातानं धरावा लागला. त्यांचे डोळे भरले होते आणि लपवायला आज छत्री नव्हती.

“उंची किती रे तुझी?” त्यांनी विचारलं.

या प्रश्नाचा मला जन्मभर वीट आलेला. त्या दिवशी मात्र मी टाचा जुळवल्या, पाठ ताठ केली आणि हॉलभर ऐकू जाईल असं सांगितलं, “सहा फूट आठ इंच, सर.”

सरांनी मान हलवली. थोडा विचार केला. मग काखेतली वही उघडून पेन्सिल काढली आणि पुन्हा वर बघितलं.

“कावून?”